खिळ्यावरचा रॉड

परबा,

परवा तुझं तेरावं झालं. काळ्या वाटाण्याचं सांबारं झकास होतं. वडे तर असे टम्म फुगलेले, की कुणी पंखा लावला असता तर फुलपाड्याच्या गच्चीवरून उडाले असते ते थेट तुझ्या मालवणात उतरले असते. मी सोळा खाल्ले. तू असतास तर पानाकडे न बघताच म्हणाला असतास, "पात्रांव," (दुकानमालक म्हणून मला तू तेच म्हणायचास) "आठ." बरं बाबा, आठ. आता तू नाहीस, तर माझं मलाच निम्मं करावं लागतंय. जाताना ही एक कटकट माझ्या गळ्यात टाकून गेलास.

दुसरी कटकट काल दुपारी दुकानात येऊन पोचली. तिच्यापायी हे लिहितोय. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं म्हणतात. आमच्या चर्चच्या मासिकात बघ, गेलेला प्रत्येक माणूस मनमिळाऊ असतो. वसईतली भांडकुदळ माणसं मरतच नसावीत. तुझ्याबद्दल मी तसलं काही लिहिणार नाही. तू हलकट होतास. आणि माझा मित्र होतास. दोन्हीवर मार शिक्का.

तुझा तो शिक्का! अख्खा जन्म वजन-मापे खात्यात काढलास, निवृत्त झालास, पण खातं तुझ्यातनं निवृत्त झालं नाही. मी गास गावचा, आमच्या घराण्यात मासे पकडण्यापेक्षा मासे सांगण्याची परंपरा मोठी. माझ्या आजोबांनी वैतरणेच्या खाडीत असा जिताडा गळाने गरवला होता, की त्याच्या खवल्यांनी आम्ही गोठा शाकारला. हे मी दुकानात कुणाला सांगायला लागलो की तू स्टुलावरनं हात वर करायचास. "थांब मेल्या. गोठा केवढा?" मग गोठ्याचा कोंबड्यांचा खुराडा व्हायचा, खुराड्याचा पिंजरा, आणि जिताड्याचा होता होता वीतभर बोय. गिऱ्हाईक पोट धरून हसायचं, आणि मला वाटायचं की या माणसाला उचलून आतल्या शिशाच्या गोळ्या बांधून खाडीत सोडावं. कधीतरी, वर्षाकाठी एखाद्या वेळी, माझी एखादी गोष्ट तुला पटायची. तेव्हा तू अंगठा गल्ल्यावर दाबायचास. "शिक्का." एवढंच. त्या दिवशी मी घरी जाऊन सिसिलीला सांगायचो, आज परबाने शिक्का मारला. ती विचारायची, किती विकलं ते सांगा.

विकण्याचं काय सांगणार कपाळ! माझं दुकान मासेमारीच्या सामानाचं. गळ, शिसं, तंगूसाची रिळं, आणि भिंतीला ओळीने उभे केलेले रॉड. आणि तू माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, ज्याने माझ्याकडून एकही रॉड घेतला नाही.

रोज सकाळी फुलपाड्याहून स्कूटर घेऊन यायचास. शटर वर जायच्या आत पायरीवर हजर. "काय पात्रांव, झाली काय भवानी?" नाही म्हटलं की गळांची एक पुडी घ्यायचास. तुझ्या हाताची भवानी झाली की दिवस बरा जातो असं मी एकदा बोलून गेलो, आणि तू ते व्रतासारखं धरलंस. तुझ्या घरातले गळ वितळवले तर वैतरणेवर आणखी एक रेल्वेचा पूल उभा राहील. बरं, पूल नाही. साकव.

पण रॉड? रॉड मोबाइलवरनं! तोही कुठे बसून मागवायचास? माझ्या दुकानात, माझ्या स्टुलावर, माझा चहा पीत, माझ्या वायफायवर. आणि पत्ता कुणाचा द्यायचास? माझा! तुमच्या बिल्डिंगचा वॉचमन पार्सल ठेवून घेत नाही आणि वहिनींनी पाहिलं तर आणखी एक काठी कशाला म्हणून विचारतात, म्हणून तुझे सगळे रॉड माझ्या दुकानात यायचे. पार्सल आणणारे मलाच परब समजायचे. मी माझ्या हातांनी सही करून माझ्या धंद्याचा मारेकरी आत घ्यायचो, आणि वर तू कात्री मागायचास.

आपली भांडणं आठवतात? अख्खा नालासोपारा पश्चिम साक्षीला आहे. मी म्हणायचो, "अरे काठी हातात धरून बघायची असते. लग्न जमवताना नुसता फोटो बघतोस का?" तू म्हणायचास, "हातात धरतो की. तुझ्या दुकानात धरतो, तिथून मागवतो. त्यात चोरी काय?" इतक्या सरळ तोंडाने सांगायचास की मलाच चोरी केल्यासारखं वाटायचं. मग त्या चांदण्या. कोण कुठला रॉड घेतो, त्याला चार चांदण्या देतो, खाली चार ओळी खरडतो, आणि त्या तू मला बायबल वाचल्यासारख्या वाचून दाखवायचास. स्वतःही लिहायचास. पायमोज्यांवर तू लिहिलेला परिच्छेद मला पाठ आहे. 'घोट्याशी मऊ, रंग जात नाही.' पायमोज्यांना पाच चांदण्या! माझ्या दुकानाच्या नावापुढे अजून कुण्या परक्याने दिलेली एकच चांदणी लोंबतेय, 'मालक फार बोलतो' म्हणून. तुला एवढी वर्षं ती दिसली नाही का रे?

आणि मोडलं की मात्र माझ्याकडे. टोकाची कडी निखळली, चला पात्रांवाकडे. रिळाचा दांडा डगमगतो, चला पात्रांवाकडे. मी शिव्या देत दोरा गुंडाळायचो, गोंद भरायचो, आणि तू वर विचारायचास, "वाळायला वेळ किती?"

माझा एकच मुद्दा असा होता ज्यापुढे तू नुसता चहा ढवळत बसायचास. 'कुठे'चा. गरवायला निघालेल्या माणसाला 'कुठे चाललास' म्हणून विचारायचं नाही, हे आमच्या गासात आणि तुमच्या मालवणात सारखंच. तुमच्यात 'खंय', आमच्यात 'कुठे', शब्द दोन पण अपशकुन एक. विचारलं की मासा गेला. अगदीच राहवत नसेल तर 'लांब का?' म्हणायचं. तू ते इतकं कडक पाळायचास की एकदा वहिनींनी दारातनं विचारलं, तर आत येऊन चप्पल काढून, पाणी पिऊन, नव्याने निघालास.

"मग," मी म्हणायचो, "तुझं ते पार्सल निघाल्यापासनं तू काय करतोस? दर तासाला मोबाइल काढून बघतोस, कुठे आहे. गोडाऊनवाला विचारतो कुठे न्यायचंय, टेम्पोवाला विचारतो कुठे उतरवायचंय, आणणारा फोन करून विचारतो कुठे राहता. शंभर वेळा 'कुठे' ऐकून आलेली काठी ती, तिला काहीही गिळणारा शिंगाळासुद्धा शिवणार नाही!"

आणि खरंच शिवायचा नाही. चांदीपला नदीकाठी आपण जायचो तेव्हा तुझ्या चांदणीवाल्या काठीला दिवसभर एक चिंबोरी लागायची आणि माझ्याकडे ढीग. बरं, ढीग नाही, तीन. पण होते.

आता खिळ्यावरच्या रॉडकडे येतो. तू टाळायचास तसा मी टाळणार नाही. गल्ल्यामागे वरच्या खिळ्यावर आडवा टांगलेला, काळा, कार्बनचा, मुठीला बुचाचं लाकूड. तो आला त्या दिवशी तू हातात घेतलास. मनगटाने असा हलका झोला दिलास, टोक थरथरलं आणि थांबलं, आणि तुझ्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी तुझ्याकडे बघायचं सोडून पंख्याकडे बघितलं. वहिनींची पहिली भेट झाली तेव्हाही तुझं तोंड तसं झालं नसेल. त्या दिवसापासनं भवानी झाली की तू हात पुढे करायचास, मी रॉड काढून द्यायचो, तू एकदा झुलवायचास, परत द्यायचास. जसं कुणी सकाळी देवाला हात जोडतं.

त्याला गिऱ्हाइकं आली. अर्नाळ्याचा एक जण दोनदा आला. मी सांगितलं, विकलेला आहे. कुणाला विकला होता ते मला माहीत होतं, फक्त घेणाऱ्याला माहीत नव्हतं.

एकदा मी न राहवून विचारलं. "परबा, एवढा जीव आहे तर घे ना. माझ्याकडनं एक घेतलास तर काय मालवण बुडेल?"

तू चहात बिस्किट बुडवलंस. ते तुटून आत पडलं. ते बोटाने काढत म्हणालास, "ऑनलाइन घेतलेला मोडला तर मी परत पाठवतो. तुझ्याकडचा मोडला तर?"

"मी बदलून देईन!"

"तू देशील. पण मी मागायचं कसं? वस्तू परत करता येते रे. दुकानदार परत करता येत नाही."

मी म्हटलं, हे फक्त कंजूष माणसाला सुचू शकतं. अजूनही तेच म्हणतो.

मग ती शेवटची सकाळ. तुला ती शेवटची आहे हे माहीत नव्हतं, मलाही नव्हतं, नाहीतर मी चहात साखर जास्त घातली असती. तू रॉड झुलवलास. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. परत देताना म्हणालास, "पात्रांव, आता ह्याचा निकाल लावूया."

परबा, मी दिवसभर उडत होतो. आला म्हटलं, गडी जाळ्यात आला. सिसिलीला सांगितलं, उद्या परब रॉड घेणार, माशाच्या कालवणात नारळ जास्त घाल. रॉडची मूठ कापडाने पुसून ठेवली. दुसऱ्या दिवशी शटर उघडलं तर पायरीवर कुणी नाही. भवानी एका मुलीने केली, शाळेच्या प्रकल्पाला दोरा हवा होता म्हणून. आणि मग वहिनींचा फोन. खुर्चीत, चहाचा कप हातात घेऊन, एवढंच. जन्मभर खाडीच्या निसरड्या दगडांवर उभा राहिलास आणि मेलास ते फुलपाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत. तुझा मला इतका राग आला की मी स्मशानात रडलो नाही.

दहाव्याला तळ्याकाठी पिंड ठेवले. कावळा येईना. कावळे होते, भरपूर होते, समोरच्या झाडावर ग्रामसभा भरली होती त्यांची, पण उतरेल तर शपथ. मध्येच एक खंड्या येऊन पिंडाजवळ बसला. मी म्हटलं, झालं, गरवणाऱ्याला हाच बरा. भटजी म्हणाले, चालत नाही. मग सगळे तुझी इच्छा शोधायला लागले. मुलगा म्हणाला, आईला सांभाळीन. कावळा ढिम्म. मेहुणा म्हणाला, गावच्या घराची वाटणी नीट करू. कावळ्याने मान वळवली. वहिनी नुसत्या पदराचं टोक चावत उभ्या होत्या, आणि ऊन चढत होतं.

मी ख्रिस्ती माणूस. आमच्यात कावळ्याला विचारत नाहीत. पण मी गेलो पुढे. पाण्यापर्यंत गेलो, आणि सगळ्यांच्या देखत मोठ्याने म्हटलं, "परबा, खिळ्यावरचा रॉड तुझा. आज संध्याकाळी घरी आणून देतो. आणि ऑनलाइन स्वस्त असतं, मान्य!"

आणि उतरला की रे! हसू नकोस, ह्यात निम्मं करायचं नाही. सरळ झाडावरनं सुटला आणि पिंडावर. मेहुणा माझ्याकडे असा बघायला लागला जणू मी बिशप आहे. मी तिथे रडलो. दुःखाने नाही, खोटं कशाला बोलू. जिंकल्याच्या आनंदाने. एवढं सगळं, घर, मुलगा, गाव, आणि माणसाचा जीव अडकला होता कशात? माझ्या दुकानातल्या रॉडमध्ये! त्या संध्याकाळी मी तो घेऊन फुलपाड्याला गेलो. वहिनींनी तुझ्या फोटोशेजारी भिंतीला टेकवून ठेवला. म्हणाल्या, "म्हणजे शेवटी तुमच्याकडनं घेतलाच तर त्यांनी."

"घेतला म्हणजे," मी म्हटलं, "कधीचा सांगून ठेवला होता."

"किती भांडायचात त्याच्यावरनं," त्या म्हणाल्या, आणि तू गेल्यापासनं पहिल्यांदा हसल्या.

असे चार दिवस मी सुखात होतो परबा. फक्त चार. मग काल दुपारी एक लांब पुठ्ठ्याचं नळकांडं खांद्यावर घेऊन पिकल्या मिशांचा एक माणूस दुकानात आला. देशावरचा असावा. घाम पुसत त्याने मोबाइल बघितला आणि विचारलं, "परब सायेब कुठं हायेत?"

तो शब्द. माझ्या दुकानात, तुझ्या नावापुढे. शंभर गोष्टी सांगणारा मी, उगाच तंगूसाची रिळं सरळ करायला लागलो. तो परत म्हणाला, "सायेब, परब कुठं...?"

"लांब," मी म्हटलं.

"मग तुमी घेता का? ओटीपी लागंल."

ओटीपी तुझ्या मोबाइलवर. मोबाइल वहिनींकडे. मी फोन लावला, त्यांनी चष्मा शोधून आकडे वाचले, मध्ये एक चुकला, परत वाचले. फोन तसाच चालू राहिला. मी नळकांड्याचं टोक कापलं. कात्री हाताशीच होती, तुझ्या सवयीने.

काळा. कार्बनचा. मुठीला बुचाचं लाकूड.

तोच, परबा. तीच कंपनी, तीच लांबी, तोच. कागदावर मागवल्याचा दिवस छापला होता, तू जायच्या आदला. म्हणजे माझ्या हातातनं घेऊन झुलवलास, 'निकाल लावूया' म्हणालास, आणि बाहेर पायरीवर जाऊन निकाल लावलास! पिकल्या मिशांचा माणूस निरागसपणे सांगत होता, "भिवंडीच्या गोडाऊनला आडकून पडलं होतं बगा, रविवारी सकाळी सुटलं." रविवारी सकाळी. दहाव्याच्या सकाळी. मेल्या, तुझा कावळा माझ्या शब्दाने उतरला नव्हता! पार्सल हललं म्हणून उतरला!

"भावजी," फोनमधनं वहिनींचा आवाज आला, "काय आसा त्यात?"

त्यांच्या भिंतीला माझा रॉड टेकलेला. माझ्या हातात तुझा. मला वाटलं सांगावं. ओरडून सांगावं, तुमच्या नवऱ्याने मरतानासुद्धा मला टांग मारली वहिनी, काढा तो रॉड फोटोजवळनं. ओठावर आलं होतं.

"छत्री आहे," मी म्हटलं. "लांब दांड्याची."

"छत्री? अजून मे महिनासुद्धा लागला नाही..." त्या थांबल्या. "तुम्हीच वापरा, भावजी."

सिसिली म्हणते, परबांना खिळ्यावरचा खिळ्यावरच ठेवायचा असेल. तो काढला असता तर रोज सकाळी हात कशाला पुढे करायचा? सिसिली बाईमाणूस, तिला प्रत्येक नालायकात काहीतरी चांगलं दिसतं. माझ्यातही दिसलं होतं. मी म्हणतो, नाही. तुला माझ्याकडनं घ्यायचा नव्हता, एवढंच. तुझ्यालेखी मी चहा, स्टूल आणि वायफाय. दुकानदार परत करता येत नाही म्हणालास ना? बघ, केलास की परत. न वापरता, वेष्टनासकट.

रात्रभर ठरवत होतो, तुझा रॉड मोडून चुलीत घालावा. सकाळी आलो आणि रिकामा खिळा बघवेना, म्हणून त्याच्यावर टांगला. बाकी काही समजू नकोस.

आज पहिलं गिऱ्हाईक आलं. विरारच्या नव्या टॉवरमधला कुणी, पाठीला बॅग, कानात ते यंत्र. सरळ वर बोट दाखवलं. काढून दिला. त्याने मनगटाने झोला दिला. टोक थरथरलं, थांबलं. मी पंख्याकडे बघितलं. मग त्याने खिशातनं मोबाइल काढला, खाली वर केलं, आणि म्हणाला, "अंकल, हाच ऑनलाइन स्वस्त मिळतोय."

मी म्हटलं, "हा ऑनलाइनच आलेला आहे."

तो हसायला लागला. "काय अंकल, काहीही!"

"खरंच सांगतो. एका मेलेल्या माणसाने मागवला होता. कावळा शिवला तेव्हा गोडाऊनमधनं सुटला."

आता तो इतका हसला की कानातलं यंत्र खाली पडलं. "मानलं तुम्हाला," म्हणाला. "लोक सांगत होते, त्या दुकानात गप्पा भारी मारतात." आणि काही न घेता गेला. भवानीसुद्धा न करता.

या दुकानात बसून एवढी वर्षं झाली परबा, पहिल्यांदा मी एका गिऱ्हाइकाला सांगितलं ते सगळंच्या सगळं खरं होतं. एक खवलाही जास्त नव्हता. तो गेल्यावर मी तुझ्या स्टुलाकडे बघितलं. मग गल्ल्याकडे. तू दाबायचास त्या जागी लाकूड जरा गुळगुळीत झालंय, मला कधी दिसलं नव्हतं.

मी माझा अंगठा ठेवून पाहिला. माझा बसत नाही तिथे.